चर्चमध्ये लावायचा फोटो

"आधी हात पूस, विल्मा. लोण्याचे डाग पाडशील," आर्डिथ म्हणाली.

विल्मानं हात पुसले. तिनं आणलेल्या हॅमच्या थाळीला टेबलावर जागाच नव्हती. सकाळपासून बायकांची रीघ लागली होती. कुणी चीज घालून भाजलेले बटाटे आणले, कुणी ॲपल पाय. आयोवातल्या त्या गावात दाराशी रिकाम्या हातानं यायची रीत नव्हती. बायका भांडं ठेवत, हळू आवाजात दोन शब्द बोलत आणि भिंतीला टेकवलेल्या त्या मोठ्या फोटोकडे चोरून बघत.

फोटोत गॅरेट होता. आर्डिथचा एकुलता एक, देशात पहिला आलेला पैलवान. अंगावर सुताचा धागा नव्हता. एक गुडघा मॅटवर, दुसरी मांडी अशी पुढे की झाकायचं तेवढं झाकलेलं. एक खेळाचं मासिक दरवर्षी नामवंत खेळाडूंचे असे उघडे फोटो छापायचं. अंक अजून निघायचा होता, पण फोटोवालीनं हा एक आधीच घरी पोचवला होता.

"सरळ बघ की. लहानपणी ढुंगण तूच धुतलंस ना त्याचं? आता कसली लाज?"

विल्मा आर्डिथच्या नवऱ्याची बहीण. "लाज नाही गं वहिनी," ती म्हणाली आणि तिनं नाक पुसलं.

उठसूट नाक पुसणारी माणसं आर्डिथला आवडत नसत. ती फोटोपुढे जाऊन उभी राहिली.

"तू तर नकोच म्हणत होतीस," विल्मा म्हणाली.

"म्हणत होते. चारचौघांत उघडं व्हायचं, ही काय अक्कल? पण ऐकेना. मग म्हटलं, उभा राहतोच आहेस तर लोकांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. हसता कामा नये."

आर्डिथचा नवरा हार्लन शाळेच्या पोरांना कुस्ती शिकवायचा. कुस्तीआधी वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवायचं ते याच घरात. पोरं रबरी सूट घालून तापलेल्या न्हाणीघरात घाम काढायची, च्युइंगम चघळून डब्यात थुंकत बसायची, आणि पाण्याच्या नळावर पहारा आर्डिथचा. तिच्या हाताखालून गेलेला एक गडी कधी वजनात बाद झाला नाही. हार्लन गेला, विद्या राहिली. फोटोआधी तिनं गॅरेटला घरी बोलावून घेतलं आणि त्याचं पाणी तोडलं.

"आई, ही कुस्ती नाही, फोटो आहे," तो म्हणाला होता. "एक घोट दे."

तिनं त्याच्या हातातला पेला घेऊन मोरीत ओतला. "तुझा बाप असता तर लाजेनं मेला असता."

"बाप असता तर त्यानं चोरून दिलं असतं."

त्यावर तिलाही हसू आलं होतं. पाणी मात्र तिनं दिलं नाही.

"हे पोट बघ," ती विल्माला म्हणाली. "नांगराचे तास ओढावेत तसं. ही दंडातली शीर बघ. कातडीखालचं पाणी उतरल्याशिवाय ती अशी वर येत नाही. फोटोवालीला वाटतंय तिची करामत. माझ्या हातचं काम आहे हे."

विल्मानं पाणी प्यायला नळ सोडला, आर्डिथकडे पाहिलं आणि तसाच बंद केला.

तेवढ्यात पाळक डेकर आले. तरुण माणूस, टोपी हातात, कुठे उभं राहावं ते कळेना.

"या पाळकसाहेब. जागा ठरली का? फोटो पुढेच पाहिजे, व्यासपीठाच्या शेजारी."

"त्याचंच बोलायला आलोय, आर्डिथबाई. शनिवारी सगळं गाव येणार. राज्यभरचे पैलवान येतायत. दुसरा एखादा फोटो ठेवला तर? पदक घेतानाचा? ट्रॅकसूटमधला?"

"ट्रॅकसूट कुणीही घालतो. तुम्ही घातलात तर तुम्हीसुद्धा पैलवान दिसाल. लांबून."

पाळकांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "म्हाताऱ्या बायका असतात हो चर्चमध्ये."

"त्या सकाळीच बघून गेल्या. दोघी तर चष्मा आणायला घरी जाऊन आल्या."

"देवाचं घर आहे, बाई."

"देवानं आदामाला काय पाटलोण घालून पाठवलं होतं? कपडे पापानंतर आले, तुम्हीच सांगता. माझ्या पोराच्या अंगावर लपवावं असं मी काही ठेवलेलं नाही." तिचा आवाज चढला. "हा फोटो पुढे नसेल, तर मीही येणार नाही. लोकांना कारण तुम्ही सांगा."

आर्डिथ बोलेल ते करते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"लावू द्या ना," विल्मा म्हणाली. "एवढंच मागतेय ती."

पाळक फोटोपाशी गेले. गॅरेटचे ओठ फुटले होते, डोळे आत गेले होते, आणि तरी तो असा बघत होता की समोरच्यानं एक पाऊल मागे घ्यावं. पाळकांनी बराच वेळ पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "पुढे राहू दे."

आर्डिथनं मान हलवली. जिंकली होती ती. सकाळपासून पहिल्यांदाच ती खुर्चीत टेकली, आणि एकदा बसल्यावर तिला पाठ ताठ धरता येईना.

"अजून एक राहिलंय," पाळक तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाले. "दफनवाल्यांचा पुन्हा निरोप आलाय, बाई. गॅरेटला शवपेटीत ठेवायचंय. त्याच्या अंगावर घालायला कपडे द्या."