काटा शून्यावर

"कोपर आवर की जरा, बरगडीत घुसतोय," प्रमिला पुटपुटली. ऑक्सिजन प्लांटमधल्या त्या बशीएवढ्या तबकडीवर चौघं एकदम वाकले होते. कोपर आवरणार तरी कुठे?

शेजारच्या कारखान्यातला वेल्डिंगचा गॅस कधीकधी हवेबरोबर प्लांटमध्ये ओढला जायचा. द्रवरूप ऑक्सिजनच्या थंडीत गोठून त्याचे पांढरे दाणे व्हायचे, आणि असे मूठभर दाणे साठले तर अख्खी इमारत उडू शकते. एक बारीक जाळी ते गाळून घ्यायची, म्हणून सगळे शेजारीच बसून निवांत डबे खायचे. जाळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात किती फरक आहे ते ही तबकडी दाखवायची; जाळी तुंबली की काटा चढायचा. आज तो सकाळपासून चढतच होता. जाळी बदलायला हवी होती, पण मॅनेजर चांदेकरसाहेब म्हणाले होते, "हॉस्पिटलचा टँकर भरू दे आधी."

आणि आत्ता काटा एकाएकी शून्यावर आला होता.

"तुंबलेलं सुटलं वाटतं," भालेराव म्हणाला.

"तबकडी बिघडली असेल," दुसरा कुणी म्हणाला.

प्रमिलानं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. "आमच्या सासूबाई अशा अचानक गप्प झाल्या की पोटात गोळाच येतो," ती म्हणाली. कुणीच हसलं नाही.

चांदेकरसाहेबांचे ओठ पांढरे पडले होते. प्रमिलाला त्यांची दयाच आली.

"तबकडी चांगली आहे," ते हळूच म्हणाले. "जाळी फाटलीय. साठलेले दाणे एकदम पुढे टाकीत गेलेत. प्लांट बंद करा आणि पळा."