ताईचं कुणाला पटत नाही

परांची कोसळताना तिनं पाहिली, तेव्हा ती परांची अजून बांधलीसुद्धा नव्हती.

इस्त्री फिरवता फिरवता तिचा हात थांबला. समोर घड्याळाचा मनोरा, त्याला वेढलेले लाकडी खांब आणि फळ्या, आणि सगळ्यात वर तिचा धाकटा भाऊ. हातात रंगाचा डबा, अंगात निळा चौकडीचा शर्ट. मग त्याच्या पायाखालची फळी सटकली. खाली दगडी फरशी होती. गिऱ्हाइकाची चादर करपल्याचा वास नाकात गेला, तेव्हा ती भानावर आली.

हे पुढचं दिसणं तिच्या घराण्यातलं. फार पूर्वी म्हणे उजेडाचा देव तिच्या कुठल्याशा खापरपणजीवर भाळला. तिला खूश करायला त्यानं भविष्य दिसण्याचा वर दिला. वर पदरात पडल्यावर बाईसाहेबांनी देवाला दार दाखवलं. दिलेला वर परत घ्यायची देवांना सोय नसते, म्हणून त्यानं जाता जाता नुसती एक शेपटी जोडली: तू खरं सांगशील आणि ते कुणालाही पटणार नाही. भांडण त्या दोघांचं, पण भोगायचं मात्र पिढ्यानपिढ्या लेकींनी. तिला त्या देवाचा मनापासून राग यायचा.

गल्लीला तिची गंमत वाटे. आज पाणी जाणार असं ती म्हणाली, की बायका निवांतपणे भांड्यांचा ढीग घासायला काढत आणि मग कोरड्या नळापुढे बसून म्हणत, "जुळून आला बाई योगायोग!" वडिलांना मात्र तिनं कारखान्यातल्या बॉयलरबद्दल सांगितलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि डबा घेऊन कामावर गेले. त्या योगायोगावर कुणी हसलं नाही. आता तिला हा एकच भाऊ उरला होता.

"मनोऱ्यावर चढू नकोस. परांची पडणार आहे," तिनं त्याला सांगितलं.

भाऊ रंगारी. तो खो खो हसला. "मग काय, मनोऱ्याला खाली वाकायला सांगू?"

ती रडली, भांडली. मुकादमाला गाठलं, तर त्यानं चहा पाजून तिची बोळवण केली. शेवटी भावाचा निळा शर्ट इस्त्रीला आला, तेव्हा तिनं तो मुद्दाम जाळला. शर्टच नसला तर तो घालून पडणार कसा? त्याच संध्याकाळी परांची तिला पुन्हा दिसली. या वेळी शर्ट तपकिरी होता.

तिची झोप उडाली. दुकानात ती नुसत्या येरझाऱ्या घालायची. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच चुरगळलेले पडून राहायचे.

रंगकामाच्या आदल्या दिवशी शेजारीण गठ्ठा न्यायला आली. "उद्या ऊन पडेल का हो?"

"पडेल."

"म्हणजे छत्री काढून ठेवते!" असं म्हणत शेजारीण हसत हसत गेली.

ती जागच्या जागी थबकली. इतकी साधी गोष्ट! आपण सांगतो त्याच्या बरोबर उलट लोक करतात. मग सांगायचंच उलटं. जा म्हटलं की तो जाणार नाही. आजवर खरं बोलून बोलून घसा कोरडा केला, खोटं बोलायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आनंदानं तिला रडू फुटलं.

सकाळी भाऊ रंगाचा डबा घेऊन दुकानाच्या पायरीशी आला. अंगात तपकिरी शर्ट. चेहरा उतरलेला.

"ताई, ऐक ना, मी..."

"आधी माझं ऐक." त्याला बोलू दिलं तर आपला धीर सुटेल, अशी तिला भीती वाटली. "मला आता सगळं नीट दिसलंय. परांची एकदम भक्कम आहे. तू बिनधास्त चढ. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. संध्याकाळी हसत घरी येशील."

जन्मात पहिल्यांदाच ती खोटं बोलत होती, पण सराईतासारखं जमलं. तिनं श्वास रोखून धरला.

भावानं डबा पायरीवर टेकवला.

"मी आज जात नाही, हेच सांगायला आलो होतो. तुझ्यामुळे नाही हं! बायको रडून रडून अर्धी झालीये. तिला आठवा लागलाय. आणि खरं सांगू? माझंही वर चढायचं धाडस होत नव्हतं."

तिला हायसं वाटलं. कपाळावरचा घाम पुसत ती म्हणाली, "मग नकोच जाऊस, बाबा. बस इथे. पडणारच आहे ती परांची."

भाऊ हसला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. त्यानं डबा उचलला आणि तो पायरी उतरला.

"आता कशाला शब्द फिरवतेस? मगाशी बोललीस ना, ते ऐकून जिवाला कसं बरं वाटलं. काय गंमत बघ, ताई, आज पहिल्यांदाच मला तुझं म्हणणं पटलं."