खरं रडणं

मॉस्कोतला मालक सुट्टी देईना, म्हणून बर्मेतने वारलेल्या वडिलांसाठी रीतीप्रमाणे लेकीने गायचा विलाप स्वतः गाऊन फोनवर रेकॉर्ड केला आणि गावी पाठवला. शोकाच्या तंबूत तो लावला, तर बाया बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, खात गप्पाच मारत बसल्या.

"इथे फोन रडतोय, आणि लेक कुठाय?" आत्याने तिला फोनवर झापलं. "लोक नावं ठेवतायत!"

बर्मेत नोकरी सोडून निघाली आणि दफनाआधी कशीबशी पोचली. रिवाजाप्रमाणे तंबूच्या भिंतीकडे तोंड करून तिने असा टाहो फोडला की सगळ्या बाया ढसाढसा रडल्या. शेजारच्या सलिमाकाकूंनी तर तिला पोटाशीच धरलं.



"काळीज हललं गं पोरी! एवढ्यात परत जाऊ नकोस हं. आमच्या सासूबाई काही हा आठवडा काढत नाहीत."