माझं असं काही

‘मी’पण विरघळवायचं म्हणून घरदार सोडून पदमसिंह गंगोत्रीच्या वाटेवरच्या गुहेत ध्यानाला बसला, त्याला वर्षं लोटली होती. बायको बचुली धापा टाकत तिथवर चढून आली.

“अहो, आपली लेक गेली, सुरमा. गवत कापताना कड्यावरून पडली.”

त्याने डोळे किलकिले केले. “कोण कुणाची? माझं असं आता काही उरलं नाही, माई.”

स्वतःच्या बायकोला माई! बचुली डोळे पुसत उठली. तेवढ्यात त्याने हळूच विचारलं, “खाली गावात माझ्याविषयी काय बोलतात?”

गावात लोक त्याच्या नावाने नवस बोलत होते.

“तुमचं नावही कुणी काढत नाही,” बचुली म्हणाली.

लेकीच्या मरणाने न हललेला त्याचा चेहरा खर्रकन उतरला.