मोगऱ्याच्या वासाची फडकी

काळ्या गाडीच्या बॉनेटवर पुसल्यावर पुन्हा धुरकट रेघा उमटल्या, तेव्हा चारुताने हातातलं मायक्रोफायबरचं फडकं नाकाशी नेलं. मोगऱ्याचा वास. म्हणजे आईने धुताना कपड्यांचा सॉफ्टनर घातला होता. त्याने ही फडकी पाणी टिपेनाशी होतात.

बाबा गेल्यावर गाड्या चमकवायचं त्यांचं दुकान चारुताने हाती घेतलं. फडकी धुण्याचं आपलं जुनं काम आईने आपणहून पुन्हा मागून घेतलं, आणि तेवढ्यासाठी का होईना, ती सकाळी अंथरुणातून उठू लागली. आता तिला चूक कशी दाखवायची?

दुपारच्या चहाला तिने जपून विषय काढला. "आई, फडक्यांना वास नसला तरी चालतो गं."

"माहीत आहे मला," आई शांतपणे म्हणाली. "तुझे बाबा मागच्या अंगणात व्हिनेगर घालून ती पुन्हा धुवायचे. मला कळू न देता."

"मग तू सॉफ्टनर घालायचीसच कशाला?"

"अगं, जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही त्या माणसाने. बाह्या सरसावून धुणं धुताना दिसायचे ते तेवढेच. मी खिडकीतून बघत बसायचे." आईने कपाकडे पाहिलं. "आता नुसता सवयीने हात जातो."

चारुताला हसू आवरेना. तिने तशीच उठून अंगणात बादली मांडली, व्हिनेगर ओतलं आणि बाह्या सरसावल्या. आई उरलेला चहा घेऊन खिडकीत येऊन बसली.

"सगळं अंगण भिजव आता," ती आतून म्हणाली. "अगदी बापावर गेलीस."