आधीची मांडणी

"देवा, आता तरी पाव रे," म्हणत तिने स्क्रीन चालवणारा, स्वतः लिहिलेला नवा ड्रायव्हर प्रोग्रॅम सुरू केला. मशीनची स्क्रीन पुन्हा काळीठिक्कर पडली. तिचा हुंदका ऐकून शेजारच्या टेबलावरचे सर उठून आले.

"अगं, ड्रायव्हरमध्ये आल्या आल्या आधीची सगळी सेटिंग पुसतेस कशाला?"

"आधीचं काही उरलं तर घोळ होतो ना, सर."

"होतो. पण ही स्क्रीन उजळते तीच मुळी मशीनमधल्या मूळच्या प्रोग्रॅमने, फर्मवेअरने, लावून ठेवलेल्या सेटिंगवर. तू यायच्या आधी घर त्यानेच सांभाळलंय, बाई! त्याने काय लावलंय ते आधी वाच, मग हात लाव."

तिने एकदम पर्स उचलली.

"अगं, आणि कोड?"

"उद्या, सर."

घरी तिची सावत्र लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. या नव्या आईने घरात पाऊल टाकताच आधीच्या आईच्या साऱ्या वस्तू माळ्यावर टाकल्या होत्या. तेव्हापासून पोर ना धड जेवत होती, ना बोलत होती.

ती तिच्याजवळ जमिनीवर टेकली. "बाळा, तुझी आई तुझी वेणी कशी घालायची गं?"

पोर तिच्याकडे वळली.

"आधी गाणं म्हणायची."