हाक

शिडीच्या शेवटच्या टप्प्यावर तिचे हात दांड्याला चिकटले ते सुटेनात. वर क्रेनची केबिन, खाली अख्खी साइट माना वर करून उभी. वर्षभरात ती बरेचदा इथवर आली होती आणि इथूनच उतरली होती. आज उतरली तर उद्यापासून गोदामात. साहेब रागावून बोलले नव्हते, पण नवा ऑपरेटर बोलावून ठेवला होता.

तिनं मनात देवाचं नाव घेतलं. एक हात सोडवला, मग दुसरा. केबिनचं दार पाठीमागे लागलं तेव्हा कुठे तिला कळलं, आपण आत आलो.

खुर्चीत टेकली आणि वर्षापूर्वीचं ते सगळं डोळ्यांपुढे आलंच. सळयांचा जुडगा तिसऱ्या मजल्याशी पोचलेला. जुडग्याला बांधलेला पट्टा सरकू लागलेला. रेडिओवर मामांची हाक, "थांब! थांब!" आणि तिचा हात थांबलाच नाही. सळया मामांच्या पायावर कोसळल्या.

चौकशीत पट्टा आतून कुजका निघाला. तिला कुणी बोल लावला नाही. पण हाक तर तिनं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. रोज ऐकत होती.

"रोज एकटीनं आठवता, तिथंच चुकतंय," मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आठवण जागी झाली की मऊ पडते. काही तासांनी पुन्हा घट्ट बसते. त्या वेळात जे मिसळेल ते धरून बसते. तुम्ही रोज त्यात भीतीच कालवताय. आता जिथं घडलं तिथं बसा, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांना सांगा."

ज्यांच्या बाबतीत घडलं ते मामा खाली उभे होते. सगळ्या साइटचे मामा. ओझं कधी उचलायचं, कधी टेकवायचं ते रेडिओवरून सांगणारे. परवाच गावाहून परतले होते, जरासे लंगडत. ती त्यांच्या समोर गेली नव्हती. कुठल्या तोंडानं भेटायचं?

तिनं रेडिओचं बटण दाबलं.

"मामा, त्या दिवशी तुम्ही थांब म्हणालात. मी ऐकलं. तरी थांबले नाही."

रेडिओ खरखरला. मग मामांचा आवाज आला, चक्रावलेला.

"मी? मी कधी म्हणालो?"

"मी ऐकलं, मामा. दोनदा म्हणालात."

"अगं पोरी, त्या दिवशी दोरीवरचा गडी आला नव्हता. जुडगा डुलू नये म्हणून दोरी मीच धरलेली, दोन्ही हातांनी. रेडिओ खांद्याला. बटण काय नाकानं दाबू?"

खाली कुणीतरी फस्सकन हसलं. ती हसली नाही. बटण दाबल्याशिवाय आवाज जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मग हाक?" तिनं विचारलं. "हाक तर होती ना?"

"होती की! तुझीच होती. 'मामा, पळा!' अशी रेडिओवर किंचाळलीस की कानठळ्या बसल्या माझ्या. दोरी टाकून पळालो. पाय तेवढा मागे राहिला, तो सळयांखाली सापडला. मी म्हटलं, तुला माहीत आहे. स्वतःचं ओरडणं कुणी विसरतं होय?"

डोळे भरून आले, ते तिनं बाहीनं पुसले, कारण समोरचं नीट दिसायला हवं होतं.

"ताई," मामा नेहमीच्या कामाच्या सुरात म्हणाले, "जुडगा बांधलाय. पट्टा मी स्वतः तपासलाय. उचलता का?"

"उचलते."

तिनं क्रेनचा दांडा ओढला. जुडगा जमिनीवरून सुटला, दुसरा मजला, तिसरा मजला. तिथं तिचा तळहात घामानं ओला झाला, पण दांड्यावरून ढळला नाही. सळया सातव्या मजल्यावर हलक्या हातानं टेकल्या. खाली हेल्मेटं हवेत उडाली, आणि साहेबांनी शिट्टी मारली, जी सुरक्षिततेच्या नियमांत कुठेच बसत नव्हती. दिवस मावळेपर्यंत तिनं एकही ओझं दुसऱ्याला उचलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुठेही न अडखळता वर चढली. खाली काम सुरू व्हायला अवकाश होता. ती खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच स्वतः होऊन तिनं तो दिवस बोलावला.

तो आला. पट्टा सरकला, जुडगा कलला, सळया सुटल्या. आणि त्यांच्या पुढे, दोरी टाकून, जिवाच्या आकांतानं, मामा पळत होते.